टो शून्य, बाकी नंतर

परवा मित्राने विचारलं, "ट्रॅक डे आहे, अलाइनमेंट काय ठेवू?" मी म्हटलं, आधी सांग, सोमवारी गाडी कुठे न्यायचीय?

माझी पुण्याहून फलटणमार्गे नातेपुत्याला जाते, सुमारे 150 किलोमीटर. ट्रॅक वर्षातून दोनदा. एकदा वळणावर गाडी पटकन आत वळावी म्हणून पुढे टो-आउट ठेवला आणि तसाच घरी निघालो. हा माउलींच्या पालखीचा रस्ता. वारी तोंडावर आलेली, कडेने वारकरी चाललेले आणि गाडी सरळ जाईना! सतत स्टिअरिंग सावरत होतो. घाम फुटला राव.

तेव्हापासून माझं मत पक्कं: कॅम्बर ट्रॅकसाठी, टो रस्त्यासाठी. पुढे दीडेक अंश निगेटिव्ह कॅम्बर असला की वळणात गाडी कलली तरी टायर नीट टेकतो. रोज आतली कड थोडी जास्त झिजते, इतकंच. टो चुकला तर टायर सरळ रस्त्यावरही तिरका घासत राहतो. कॅम्बर बदलला की टोसुद्धा हलतो, म्हणून टो शेवटी लावून घ्या, शून्याजवळ.

लॅपमागे थोडा वेळ गेला तर गेला. आमच्या रस्त्याच्या कडेला माणसं चालतात.