जुना रंग खरवडताना

दसरा जवळ आला की पैठणच्या जुन्या गल्ल्यांत दारं-खिडक्या घासल्याचा आवाज सुरू होतो. कारागीर पॉलिश पेपरने चौकट घासतो, पोपडे खरवडतो, थर हट्टी असेल तर ब्लोलॅम्पने भाजून काढतो. धूळ उंबऱ्यात साचते आणि घरातलं रांगतं मूल तिथेच खेळतं. त्या धुळीत शिसं असू शकतं, हे ना कारागिराला कुणी सांगितलेलं असतं, ना घरातल्या बाईला.

चुना दिलेल्या भिंतींची भीती नाही. भीती आहे ती लाकडावरच्या आणि लोखंडावरच्या ऑइलपेंटची. पिवळा, केशरी, हिरवा खुलावा म्हणून त्यात लेड क्रोमेट घालत. रंग लवकर वाळावा म्हणून शिशाचे क्षार. खिडकीच्या गजांना गंज चढू नये म्हणून शेंदराचं अस्तर, आणि शेंदूर म्हणजे शिशाचाच ऑक्साइड. जुन्या वाड्याच्या एकेका दारावर दोन-तीन पिढ्यांचे थर बसलेले असतात.

केंद्र सरकारने २०१६ मध्ये नियम केला. १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त चालत नाही. नियम चांगला आहे. काही छोट्या कारखान्यांचे डबे त्यानंतरही तपासणीत नापास झाले, त्यावर स्वतंत्र लिहावं लागेल. पण हा नियम नव्या डब्यापुरता आहे. दारावर आधीच बसलेला थर कसा उतरवायचा, हे कारागिराच्या हातावर सोडलेलं आहे. म्हणून तो हात शिकवायला हवा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाची सुरक्षित अशी कोणतीही मात्रा नाही. मुलाच्या पोटात गेलेलं शिसं मोठ्या माणसाच्या चार-पाचपट शोषलं जातं आणि मेंदूची वाढ खुंटवतं. अंगात लोह कमी असेल तर आणखी शोषलं जातं. महाराष्ट्रात पाच वर्षांखालची सुमारे ६९ टक्के मुलं रक्तक्षयी आहेत, असं २०१९-२१ चं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं. हे दोन आकडे शेजारी ठेवले की मला स्वस्थ बसवत नाही.

अमेरिकेने घरगुती रंगातल्या शिशावर १९७८ मध्ये बंदी घातली, तरी जुन्या घरांतली मुलं आजारी पडतच राहिली. अखेर २०१० पासून तिथे १९७८ आधीच्या घरांत पैसे घेऊन रंग उकरणाऱ्यासाठी प्रशिक्षण सक्तीचं झालं. ते आठ तासांचं आहे. शिकवतात ते अगदी साधं: मुलं आणि गर्भवती बाई कामाच्या जागेपासून दूर, खाली प्लास्टिक, रंग पाणी मारून ओला केल्याशिवाय घासायचा नाही, आग लावायची नाही, झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसायचं, धुळीला योग्य मास्क, जेवणाआधी हात धुवायचे, कामाचे कपडे घालून घरी मुलाला उचलायचं नाही. कारागिराचं मूलही मूलच आहे.

आपल्याकडे या यादीत एक भर घालावी लागेल. वाडा उतरवला की जुनी चौकट, फळ्या, खिडक्या बंबात जातात. रंगवलेलं लाकूड जाळलं की शिसं धुरात आणि राखेत उतरतं, आणि त्याच राखेने भांडी घासली जातात. परदेशातल्या कुठल्याही पुस्तिकेत हा बंब नसणार. रंगीत लाकूड जाळू नका, हे अंगणवाडीताईंनी घरोघरी सांगायला हवं.

ओलं घासलं तर काम लांबतं, रोज वाढतो. मालक घासाघीस करणार आणि कारागीर पुन्हा कोरडंच घासणार. म्हणून हे ओझं एकट्या कारागिरावर टाकणं अन्यायाचं आहे. वाढीव रोज घरमालकानेच दिला पाहिजे. रंगकाम करणारेही बांधकाम कामगार आहेत आणि राज्याच्या कल्याणकारी मंडळाकडे नोंद झालेल्यांना सुरक्षा संच मिळतो. त्या संचासोबत हे एका दिवसाचं प्रशिक्षण मंडळाने द्यावं, शिकण्याच्या दिवसाचा रोज भरून द्यावा, आणि वर्ग तालुक्याच्या आयटीआयत भरवावा. समोर एक जुनं दार, थोडं प्लास्टिक, पाण्याची फवारणी बाटली आणि मास्क ठेवले की शिकवणी सुरू करता येते. दसऱ्याआधी पहिली तुकडी बाहेर पडली, तर यंदाच्याच दिवाळीच्या रंगकामाला ती उपयोगी पडेल.