तुमची परीक्षा कोण घेतंय?

मुलामुलींनो, परीक्षा म्हटली की तुमच्या पोटात गोळा येतो. वेळापत्रक लागतं, आई टीव्ही बंद करते, बाबांना अचानक तुमच्या गणिताची काळजी वाटू लागते. पण एक परीक्षा अशी आहे, की तिचं वेळापत्रक कधी लागतच नाही. घरातला मोबाइल हातात घेतलात की ती सुरू!

कशी ते सांगतो. समजा, सोलापुरातल्या एका दुकानदाराला चादरींची जाहिरात मोबाइलवर द्यायची आहे. त्याच्याकडे दोन फोटो आहेत. एकात चादरीवरचा मोर अगदी जवळून दिसतो, तर दुसऱ्यात चादर गुरफटून बसलेली आजी. दुकानदार म्हणतो मोर चांगला, त्याची मुलगी म्हणते आजी. भांडायचं कशाला? पाहणाऱ्यांचे दोन गट करायचे, तेही नाणं उडवून. छापा आला त्याला मोर, काटा आला त्याला आजी! (हे नाणं अर्थातच संगणक उडवतो.) मग कोणत्या गटातल्या जास्त जणांनी फोटोवर बोट टेकवलं ते मोजायचं. मिटला वाद.

पण यात एक मेख आहे बरं का. मोर दाखवला जानेवारीत, गड्डा यात्रेच्या थंडीत; आणि आजी दाखवली मे महिन्यात, तर? सोलापूरच्या त्या उन्हात चादरीकडे बघणार कोण! म्हणून दोन्ही फोटो एकाच वेळी दाखवायचे आणि बाकी काही म्हणजे काही बदलायचं नाही. शिवाय माणसंही भरपूर हवीत. तुम्ही दहा वेळा नाणं उडवून बघा. छापा-काटा बरोबर पाच-पाच असं चारांतून जेमतेम एकदाच येतं. तेव्हा दहा जणांत सहा-चार झालं, तर लगेच कुणी जिंकलं असं मानायचं नाही.

मोठमोठी माणसंसुद्धा इथे फसतात. 2008 साली अमेरिकेत बराक ओबामा निवडणूक लढवत होते. त्यांच्या वेबसाइटचं पहिलं पान कसं असावं, यासाठी चित्रांच्या आणि बटणांच्या 24 जोड्या तपासल्या गेल्या. प्रचारातल्या लोकांना वाटत होतं, भाषणाचा व्हिडिओच बाजी मारणार. जिंकला कोण? ओबामांचा बायको-मुलींबरोबरचा साधा फोटो! आधी शंभरांतले आठ-एक जण नाव नोंदवत होते, ते साडेअकरावर गेले.

आता आपल्याच जिल्ह्यात या. माढा तालुक्यातल्या परितेवाडीला. 2009 साली रणजितसिंह डिसले गुरुजी तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत आले, तेव्हा शाळेची इमारत मोडकळीला आली होती आणि शेजारी होता गुरांचा गोठा. गुरुजींनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड चिकटवले. फोन धरला की कविता ऐकू येई, धड्याचा व्हिडिओ दिसे. आता तुमच्या पुस्तकांतही असे कोड असतात, त्यामुळे त्याचं नवल वाटणार नाही. मला कौतुक वाटतं ते पुढच्या गोष्टीचं. मुलांचा प्रतिसाद कसा येतोय हे गुरुजी पाहत आणि त्याप्रमाणे कोडमागचा मजकूर, उपक्रम, स्वाध्याय बदलत. मूल अडलं, तर मूल 'ढ' असं नाही; धडाच नापास! 2020 साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ हा दहा लाख डॉलरचा पुरस्कार मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून टाकली.

दुसरा प्रयोग मात्र वेगळ्या जातीचा. जानेवारी 2012 मध्ये एक आठवडाभर फेसबुकने 6,89,003 माणसांवर तो केला. काहींच्या पानावरचा आनंदी मजकूर कमी केला, काहींच्या पानावरचा दुःखी. ज्यांना आनंदी मजकूर कमी दिसला, त्यांच्या स्वतःच्या लिहिण्यातही उदास शब्द किंचित वाढले. फरक अगदी बारीक होता, पण या माणसांना कुणी विचारलंच नव्हतं! 2014 साली हे छापून आलं, तेव्हा जगभर ओरड झाली. व्हायलाच हवी होती.

दोन्हीकडे तपासणीच, मग फरक कुठे? काय मोजलं जातंय ते बघा. परितेवाडीत प्रश्न होता, मुलाला समजलं का? यूट्यूबवर आता एकाच व्हिडिओला तीनपर्यंत मुखचित्रं लावून बघता येतात. तिथे विजेता ठरतो तो लोकांनी व्हिडिओ किती वेळ पाहिला यावरून. तुम्हांला काही समजलं का, झोप झाली का, गृहपाठ राहिला का, हे त्या मोजपट्टीवर नाहीच. (पालकहो, तुम्ही रात्री साडेअकराला काय बघत असता, तेही त्याच पट्टीने मोजलं जातं!)

या रविवारी एक गंमत करा. एकच व्हिडिओ तुमच्या घरच्या फोनवर आणि मावशीच्या किंवा मित्राच्या फोनवर शोधा. दोन्हीकडे मुखचित्र वेगळं दिसलं, तर समजा, तपासणी चालू असावी. दोन्ही चित्रं वहीत काढून ठेवा आणि आठवड्याने पुन्हा बघा, कोणतं उरलंय ते. का उरलं असेल, याचा तुमचा अंदाज आम्हांला पत्रातून कळवा.