पारपत्र कोणते दाखवावे?

परदेशस्थ मराठी माणसाविषयी लिहिताना आपल्या समीक्षेला 'दुहेरी' हा शब्द फार आवडतो. दुहेरी निष्ठा, दुहेरी ओळख, आणि अलीकडे सर्रास दुहेरी नागरिकत्व. पहिल्या दोहोंशी आमचे भांडण नाही. ते मनाचे व्यवहार आहेत. तिसरा शब्द कायद्याचा आहे आणि तो चुकीचा वापरला जातो. १९५५च्या नागरिकत्व कायद्याचे नववे कलम सांगते की, स्वेच्छेने परक्या देशाचे नागरिकत्व घेतले की त्याच क्षणी भारतीय नागरिकत्व संपते. २००५ साली सुरू झालेल्या ओसीआय कार्डाच्या नावात 'सिटिझन' आहे, म्हणून घोटाळा होतो. ते कार्ड म्हणजे आजीव प्रवेशाची परवानगी. ते बाळगणाऱ्याने प्रवासात परदेशी पारपत्रच दाखवायचे असते. जुने भारतीय पारपत्र जमा करायचे असते, वापरायचे नसते. (पारपत्र आणि पारपत्य या शब्दांतले अंतर फार नाही, हे चाणाक्ष वाचकाच्या ध्यानात आले असेलच.)

आम्हां वऱ्हाडकरांना तरी हा शब्द इतक्या सैलपणे वापरता येऊ नये. १८५३च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या अंमलाखाली गेले, पण त्यावरचे निजामाचे सार्वभौमत्व कागदोपत्री राहिलेच. १९०२ साली ते कायमच्या पट्ट्याने दिले गेले, आणि १९३६ साली निजामाच्या वारसाला 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब मिळाला. वाशीमचा शेतकरी सारा भरी इंग्रजांच्या कचेरीत; त्याची जमीन ज्या प्रदेशात होती, तो मात्र नावापुरता हैदराबादचा. हे खरे दुहेरीपण होते. आणि त्यात त्याला निवड कुणी विचारली नव्हती.

निवड विचारली गेली ती गोव्यात. १९६२च्या नागरिकत्व आदेशाने गोमंतकीय भारतीय नागरिक ठरले. ज्याला पूर्वीचेच नागरिकत्व ठेवायचे त्याने एका महिन्यात तसे लेखी कळवायचे होते. एक महिना! पोर्तुगालचा कायदा मात्र मुक्तीपूर्वी तिथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना आजही दार उघडे ठेवतो. लिस्बनच्या दप्तरात जन्माची नोंद झालेल्या माणसापुढे 'कोणते पारपत्र काढावे' हा प्रश्न खरोखर उभा राहतो. भारताच्या नियमांचे उत्तर कठोर आहे : परक्या देशाचे पारपत्र मिळवणे हाच तिथले नागरिकत्व स्वेच्छेने घेतल्याचा निर्णायक पुरावा. दोन पारपत्रे खिशात ठेवून विमानतळानुसार एक काढावे, ही सोय नाही.

फट आहे ती बालवयात. परदेशी जन्मलेल्या मुलाचे जन्मसिद्ध नागरिकत्व तिथले, वंशाने इथलेही असू शकते; नोंदणीच्या वेळी आईवडिलांना लिहून द्यावे लागते की मुलाकडे दुसऱ्या देशाचे पारपत्र नाही. सज्ञान झाल्यावर सहा महिन्यांत त्याने परके नागरिकत्व सोडले नाही, तर इथले जाते. म्हणजे साडेअठरा वर्षे नागरिकत्वे दोन, पण पारपत्र एकच. एवढ्या विलक्षण कलमावर मराठीत एकही कथा आमच्या वाचनात नाही. विमानतळावरचे अश्रू मात्र भरपूर आहेत.

आमचा आक्षेप हाच आहे. स्थलांतराच्या साहित्यावर शोधनिबंध लिहिणारे विद्यार्थी 'दोन देशांचा नागरिक' असे लिहून मोकळे होतात आणि त्या माणसाने जे सोडले त्याचा हिशेब राहून जातो. मतदानाचा हक्क गेला. निवडणुकीला उभे राहणे गेले. वाशीमच्या शिवारात वडिलांची सोयाबीन-तुरीची जमीन त्याला वारसाने मिळते, पण बांधापलीकडची शेजाऱ्याची जमीन तो विकत घेऊ शकत नाही. ज्या गावाला तो कथेत 'माझे' म्हणतो, तिथे तो कायद्याने शेतीचा वारस आहे, गिऱ्हाईक नाही. 'दुहेरी' म्हटले की हे सगळे झाकले जाते, आणि पात्राला संघर्षच उरत नाही.

जमा केलेले भारतीय पारपत्र रद्दचा शिक्का मारून परत दिले जाते. त्यात जन्मस्थानापुढे 'वाशीम, महाराष्ट्र' असे असते. अमेरिकेच्या नव्या पारपत्रात परदेशी जन्मलेल्यांच्या त्याच रकान्यात फक्त देशाचे नाव येते : इंडिया.