पिशव्या भरण्याआधी गावाला विचारा

मा. प्रधान मुख्य वनसंरक्षक,
महाराष्ट्र राज्य, वन भवन, नागपूर

1 जुलै 2016 रोजी राज्याने एका दिवसात 2 कोटी रोपं लावायचा संकल्प केला. पुढच्या वर्षांत तो 4, मग 13 आणि 2019 मध्ये 33 कोटींवर गेला. त्यातली किती जगली, यावर बराच वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. मी पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्यातला, दोन एकरवाल्या घरातला माणूस. माझा प्रश्न त्याच्याही आधीचा आहे. कुठलं झाड, गावाच्या कुठल्या जागेवर, हे कुणाला विचारून ठरतं?

आमच्याकडे जंगल हे शेतीचंच अर्धं अंग आहे. मार्च सरता सरता पहाटे टोपल्या घेऊन मोहाखाली जायचं, वेचलेली फुलं अंगणात वाळवायची. मे महिन्यात तेंदूपत्ता. तेव्हा म्हातारी माणसंसुद्धा पुडे बांधायला बसतात. खरिपाचं बियाणं आणि पोरांच्या वह्या त्याच पैशातून येतात. धान पैसा देतं वर्षातून एकदा, तोही तुडतुड्याच्या किडीने सोडला तेवढाच.

अशा गावाजवळच्या पडीकावर रोपवन होतं, तेव्हा खड्ड्यांची आणि पाणी घालायची मजुरी मिळते. ती उपयोगी पडते, हे मी नाकारत नाही. पण त्यासोबत चराईबंदी येते आणि ती सगळ्यांना सारखी लागत नाही. दहा एकरवाल्याकडे गुरांसाठी धानाच्या तणसाचा ढीग असतो. दोन एकरवाल्याचं तणीस उन्हाळ्याच्या तोंडावर संपतं. तो आधी बकऱ्या विकतो, मग गाय. गाय गेली की शेणखत गेलं, आणि बांधीत विकतचं खत टाकावं लागतं. त्यात रोपवन सागाचं असेल, तर त्या झाडाला ना गुरं तोंड लावतात, ना त्याखाली वेचण्यासारखं काही पडतं. लाकूड तयार होईपर्यंत माणसाची एक पिढी उलटते.

स्वतःच्या बांधावरचीही हीच गत. 1964 च्या झाडे तोडण्याच्या नियमन कायद्याच्या अनुसूचीत साग आहे, मोह आहे, आंबा आणि चिंचही आहे. उद्या तोडायला परवानगीचे हेलपाटे घालावे लागतील, या धास्तीने शेतकरी बांधावर उगवलेलं सागाचं रोप वीतभर असतानाच उपटून टाकतो. फुकट आलेलं झाड आपल्याच नियमामुळे जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

गावाच्या हाती दिलं तर काय होतं, हे आपल्या खात्याने पाहिलेलं आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला वनहक्क कायद्याखाली 1,800 हेक्टरांवर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला आणि 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावची ग्रामसभा स्वतः बांबू विकते. याच पाचगावने तेंदूपत्ता तोडणं आपणहून थांबवलं, कारण त्यासाठी झाडं छाटली जातात आणि आगी लावल्या जातात. हातातला पैसा जंगलासाठी सोडणारं हे गाव गरिबांचंच आहे.

2019 मध्ये केंद्राने भरपाई वनीकरणाचे 47,000 कोटींहून अधिक रुपये राज्यांकडे सोपवले. त्यातून होणाऱ्या कामांत ग्रामसभेशी सल्लामसलत करावी, असं नियम सांगतात. सल्लामसलत म्हणजे आराखडा ठरल्यावर घेतलेली सही, असा अर्थ कृपा करून लावू नका. रोपवाटिकेत पिशव्या भरायला लागण्याआधी गावाला विचारा. आमची यादी तयार आहे: मोह, चार (चारोळीचं झाड), आवळा, तेंदू, बांबू. कुठलं पडीक आधी बंद करायचं आणि कुठलं गुरांसाठी मोकळं ठेवायचं, हेही गावच सांगेल. आणि लागवडीआधीच लिहून द्या, की या झाडांचं फूल, फळ आणि बांबू ग्रामसभेचा.

एक छोटी विनंती राहिली. गावाला विचारायची ही सभा दुपारी ठेवू नका, संध्याकाळी ठेवा. मोह वेचणाऱ्या बाया दिवसभर कामावर असतात, आणि कुठल्या झाडाला किती फूल येतं हे त्यांनाच पाठ असतं.

आपला,
धानपट्ट्यातला एक शेतकरी