वीज खरोखरच वाहते तेव्हा

इस्त्री का तापते? तारेतून इलेक्ट्रॉन नावाचे अतिसूक्ष्म कण जातात. वाटेत ते धातूच्या थरथरणाऱ्या अणूंवर आणि अशुद्ध कणांवर आदळतात. त्यांचा वेग मोडतो आणि तार तापते. या अडथळ्याला रोध म्हणतात. धातू तापला की रोध वाढतो, असे आपण शाळेत शिकलो. आपण 'विजेचा प्रवाह' म्हणतो खरे, पण या धक्काबुक्कीत नदीसारखे काहीच नसते.

१९६३ साली सोव्हिएत संघातील शास्त्रज्ञ गुर्झी यांनी मात्र वेगळेच मांडले. धातू अतिशुद्ध असेल आणि इलेक्ट्रॉन मुख्यतः एकमेकांवरच आदळत असतील, तर काय होईल? एकाने गमावलेली गती दुसऱ्याला मिळेल. एकूण गती वाया जाणार नाही. मग अरुंद वाटेत ऊब वाढल्यावर रोध उलट कमी होईल!

हे पटण्यासारखे नव्हते, पण गणित तसे सांगत होते. पुढे २००४ साली मँचेस्टरमध्ये गाईम आणि नोव्होसेलोव्ह यांनी ग्राफीन, म्हणजे कार्बनचा एकच अणू जाडीचा पापुद्रा, वेगळा केला. २०१६ साली तेथेच ग्राफीनमधल्या इलेक्ट्रॉनांत भोवऱ्यांच्या खुणा सापडल्या. हा द्रव मधापेक्षा सुमारे दहापट चिकट निघाला. २०१७ साली अरुंद खिंडीतून वीज सोडून पाहिली. इलेक्ट्रॉन कुठेही न आदळता सुटे गेले असते तर जेवढा रोध झाला असता, त्याहूनही कमी रोध भरला.

याचे कारण सोपे आहे. सुटा इलेक्ट्रॉन खिंडीच्या काठावर आपटतो. घोळका असला तर काठाजवळचे हळू चालतात आणि मधल्यांना काठाचा धक्का लागू देत नाहीत. २०१९ साली इस्रायलच्या वाइझमन संस्थेत प्रवाहाचे चित्रच मिळाले : मध्ये वेगवान, काठाशी संथ, अगदी नदीसारखे.

मात्र फार थंडीत इलेक्ट्रॉनांची आपसातली टक्कर घटते, फार उष्णतेत अणूंची थरथर वाढते. हा खेळ मधल्या तापमानातच रंगतो. घरातल्या तारांना तो लागू नाही. पण यंत्रांतली उष्णता कमी करू पाहणाऱ्यांना नवी वाट दिसली आहे.

आम्हांला महत्त्वाचे वाटते ते हे : शाळेतला नियम खोटा ठरला नाही, त्याची हद्द कळली. मुलामुलींनो, नियम पाठ करताना तो कुठवर लागू आहे, हेही गुरुजींना जरूर विचारा.