अर्धी राहिलेली गाठ

तरुणपणी पडलेला माणूस कपडे झटकून चालू लागतो. उतारवयात मात्र एकच पडणे साऱ्या घराची घडी विस्कटून टाकते. या विषयावर लिहिताना मला एका स्त्रीची आठवण होते. पडण्याचा धोका हा तिच्या व्यवसायाचाच भाग होता.

लिन हिल ही अमेरिकेची विख्यात प्रस्तरारोहक. जन्म १९६१ चा. लहानपणी ती जिम्नॅस्टिक्स शिकली आणि चौदाव्या वर्षी कातळावर चढू लागली. उंची अवघी पाच फूट दोन इंच. पण पुढे युरोपातील स्पर्धा तिने गाजविल्या.

मे १९८९ मध्ये फ्रान्समधील ब्यूक्स येथे ती सरावासाठी एक सोपा कडा चढणार होती. कमरेच्या पट्ट्यातून तिने दोर ओवला. गाठ मारायची, तोच बोलण्याच्या नादात ती बूट घालायला वळली. गाठ राहून गेली. वर पोहोचल्यावर खाली उतरण्यासाठी तिने दोरावर भार टाकला आणि ती सत्तर फुटांहून अधिक खाली कोसळली. झाडाच्या फांद्यांमुळे जीव वाचला. कोपर निखळले, पायाचे हाड मोडले.

कौशल्य, बळ, अनुभव यांपैकी तिच्याजवळ काय नव्हते? घात केला तो मध्येच सुटलेल्या एका लहानशा कामाने. आपल्या घरांतही असेच घडते. माझी आई ७८ वर्षांची असताना न्हाणीघरातून बाहेर येत होती. एका पायात चप्पल होती, दुसरी घालायची होती. इतक्यात फोन वाजला. ती लगबगीने निघाली, घसरली आणि मनगट मोडले.

खरी चूक त्यानंतर झाली, आणि ती माझी होती. मनगट जुळले, पण धास्तीपोटी आम्ही तिला उठूच देईनासे झालो. पाण्याचा पेलाही हातात नेऊन देत असू. सहा महिन्यांत तिला आधाराशिवाय खुर्चीतून उठता येईना. न वापरलेले स्नायू उतारवयात फार लवकर क्षीण होतात. क्षीण पायांनी तोल जातो, आणि ज्या पडण्याच्या भीतीने माणसाला बसवून ठेवले, तेच पुन्हा ओढवते. फिजिओथेरपिस्टच्या साहाय्याने आई पुन्हा अंगणापर्यंत चालू लागली, पण गेलेले बळ पुरते परतले नाही.

लिन मात्र हाडे जुळल्यावर पुन्हा कातळाकडे वळली. १९९३ मध्ये कॅलिफोर्नियातील योसेमिटी येथील एल कॅपिटान या सुळक्याची सुमारे ३,००० फुटांची ‘नोज’ ही वाट तिने केवळ हातापायांच्या बळावर सर केली. दोर होता तो फक्त पडल्यास सावरण्यासाठी. तिच्याआधी कोणाही पुरुषाला वा स्त्रीला हे साधले नव्हते. १९९४ मध्ये तीच चढाई तिने एका दिवसाच्या आत पूर्ण केली.

आपल्याला कडे चढावयाचे नाहीत. पण दोन गोष्टी घेण्याजोग्या आहेत. पहिली, हातातले काम पुरे करूनच दुसऱ्याकडे वळावे. फोन वाजू द्यावा, दारावरच्या माणसाला थांबू द्यावे. आजीआजोबा जिना उतरत असताना किंवा कपडे घालत असताना घरच्यांनी हाका मारू नयेत. रात्री अंथरुणातून उठताना आधी मिनिटभर काठावर बसावे. एकदम उभे राहिल्यास रक्तदाब उतरून भोवळ येते. रक्तदाबाच्या वा झोपेच्या गोळ्या चालू असतील, तर हे अधिकच पाळावे.

दुसरी, पडल्यावर हालचाल कायमची सोडू नये. पडलेल्यास घाईने ओढून उठवू नये. खुब्यात तीव्र वेदना असल्यास, पायावर भार घेता येत नसल्यास, किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असताना डोक्याला मार लागल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. दुखापत बरी झाल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने भिंतीला टेकलेल्या भक्कम खुर्चीतून सावकाश उठण्याबसण्याचा सराव करावा. सोबत कोणीतरी असावे.

सोबत असावे, पण त्यांच्या वाट्याचे उठणे आपण उठू नये. आईच्या बाबतीत मला हे उशिरा उमगले. आपण तो उशीर करू नये.