उन्हातली बंद गाडी आणि आपली लेकरे

असा विषय काढला की वस्तीत पहिला प्रश्न येतो, "ताई, आपल्याकडे कुठं गाड्या आहेत? हे बंगलेवाल्यांना सांगा." प्रश्न वाजवी वाटतो, पण तो खरा नाही. गाडी आपल्या नावावर नसेल, तरी आपली लेकरे गाडीत बसतात. एप्रिल आणि मे हे आपले प्रवासाचे महिने. चौदा एप्रिलची जयंती, वैशाखातली बुद्धपौर्णिमा आणि लग्नाच्या तिथी, सगळे नेमके याच उन्हात येते. भाड्याची बोलेरो, तवेरा, इको, काळीपिवळी किंवा ऑटो ठरतो आणि दहा जणांच्या गाडीत पंधरा माणसे बसतात. त्यांत मांडीवरची चार-पाच मुले असतातच. शिवाय दुसऱ्या कोणाच्या गाड्या आपल्याच गल्लीत येऊन उभ्या राहतात. काही तर वर्षानुवर्षे तिथेच सडतात.

२०२३च्या जून महिन्यात नागपुरात चार ते सहा वर्षांची तीन मुले खेळता खेळता बेपत्ता झाली. दुसऱ्या दिवशी ती घरापासून थोड्याच अंतरावर उभ्या असलेल्या एका गाडीत मृतावस्थेत सापडली. २०२४च्या एप्रिलमध्ये मुंबईत अँटॉप हिल भागात पाच आणि सात वर्षांच्या दोघा बहीणभावंडांचे असेच झाले. तीही गाडी उभीच होती. कोणी मुलांना गाडीत ठेवून खरेदीला गेले नव्हते. लहान मुलांना गाडी म्हणजे खेळणे. दार उघडे दिसले, आत शिरली, दार लागले आणि पुन्हा उघडता आले नाही.

परिचारिका म्हणून आम्ही बरीच वर्षे नोकरी केली आणि आता वस्त्यांतून आरोग्याचे काम करतो. अशी बातमी आली की लोकांच्या तोंडी एकच वाक्य येते, "आई कुठं होती?" आई कामावर होती. किंवा पाण्याच्या रांगेत होती. किंवा घरातच होती, कारण गल्लीत खेळणारे मूल दर मिनिटाला डोळ्यासमोर ठेवणे कोणत्याही आईला जमत नाही, बंगल्यातल्याही नाही. गाडी कोणाची होती, दार उघडे का होते आणि ती तिथे किती दिवस पडून होती, हे तीन प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. आमचे म्हणणे असे, की आधी हे तीन प्रश्न विचारा.

आता गाडीत नेमके होते काय ते समजून घेऊ. ऊन काचेतून आत येते, सीट, डॅशबोर्ड, रेक्झिन तापते, आणि ती उष्णता काचेतून तशी परत बाहेर जात नाही. पत्र्याच्या खोलीत दुपारी काय होते ते आपल्याला कोणी शिकवायला नको, पण खोलीचे दार तरी उघडे असते. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २००५ साली यावर अभ्यास प्रसिद्ध केला. बंद गाडीतले तापमान तासाभरात सरासरी २२ अंश सेल्सिअसने वाढते, आणि त्यातली सुमारे ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते, असे त्यांना आढळले. बाहेर २२ अंश, म्हणजे आपल्याकडची थंडीतली सुखाची दुपार असली, तरी आत ४०च्या पुढे पारा जातो. मग अकोला, चंद्रपूर, नागपूरच्या ४४ अंशांत काय होत असेल याचा हिशोब ज्याने त्याने करावा. काच दोन बोटे खाली ठेवल्याने फारसा फरक पडत नाही, हेही त्याच अभ्यासात दिसले. म्हणून "काच उघडी ठेवलीय ना" हे समाधान खोटे आहे. झाडाखाली गाडी थोडी कमी तापते, पण बंद गाडी सावलीतसुद्धा मुलासाठी धोक्याचीच. आणि सावली सरकते.

मोठ्या माणसाला घाम येतो, तो काच फोडतो, ओरडतो. लहान मुलाचे शरीर मोठ्यांपेक्षा तीन ते पाच पट वेगाने तापते. त्याला पुरेसा घाम येत नाही आणि दाराची कडी त्याला सापडत नाही. मागच्या दाराला चाइल्ड लॉक असेल तर ते आतून उघडतच नाही. जुन्या गाडीची बॅटरी उतरलेली असते, मग काच खाली होत नाही, हॉर्न वाजत नाही. शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर गेले की उष्माघात. मेंदू, मूत्रपिंड, यकृत सगळ्यांवर घाला पडतो. सगळ्यात फसवी गोष्ट अशी, की शेवटी शेवटी मूल रडायचे थांबते. बघणाऱ्याला वाटते, झोपले.

लग्नात हेच घडताना आम्ही बघतो. मंडपात डीजेचा आवाज, म्हणून तान्हे बाळ गाडीत निजवतात आणि दहा वर्षांच्या बहिणीला राखणीला बसवतात. ड्रायव्हरदादा जेवायला जातात, काचा लावून. हे पूर्ण बंद झाले पाहिजे. पाच मिनिटांसाठीही नाही, एसी चालू ठेवूनही नाही. इंजिन बंद पडले की एसी बंद, आणि आत बसलेल्या पोरीला ते कळेपर्यंत उशीर होतो. गाडीतून उतरताना मुले मोजा. एका माणसाचे नाव घेऊन काम सोपवा, "सगळ्यांनी लक्ष ठेवा" म्हटले की कोणीच ठेवत नाही. शेवटी उतरणाऱ्याने मागची सीट आणि डिकी बघूनच दार लावावे.

चालत्या गाडीचे दुखणे वेगळे. निघण्याआधी चारही दारे पाच मिनिटे सताड उघडी ठेवा, कोंडलेली धग बाहेर जाऊ द्या. सीटवर स्वतःचा तळहात ठेवून बघा. रेक्झिन आणि बेल्टची लोखंडी कडी इतकी तापते, की बाळाच्या मांडीला फोड येतो. सुती चादर किंवा जुने लुगडे अंथरा. शक्य असेल तर सकाळी दहाच्या आत पोहोचा आणि पाचनंतर परत निघा. एसीचे वेगळे पैसे लागतात म्हणून गाडीवाला नाही म्हणतो, तेव्हा तान्ही बाळे किती आहेत ते सांगून भाडे ठरवतानाच बोलून घ्या. मंडपाच्या झालरीवर जातो त्यापेक्षा हा खर्च कमी असतो.

बसायची बाजू हीसुद्धा अक्कल आहे. चंद्रपूरहून सकाळी नागपूरला निघालात तर ऊन उजव्या खिडकीतून येते. संध्याकाळी परतताना पश्चिमेचे ऊनही उजवीकडूनच. म्हणजे दोन्ही वेळा बाळ डावीकडे. आपल्या गावाच्या रस्त्याचा असा हिशोब घरातल्या शाळकरी मुलांकडून करून घ्या, त्यांना आवडेल. पुढच्या सीटवर मांडीवर मूल घेऊन बसू नका, ते वेगळ्या कारणासाठी, ब्रेक लागला तर.

ऊन येणाऱ्या काचेवर ओला पंचा धरावा, ड्रायव्हरला बाजूचे दिसेल इतपत. आणि तो पंचा काचेवरच राहू द्या, बाळाच्या तोंडावर नको. तोंड झाकले की ऊन अडते पण वाराही अडतो, आणि आतल्या आत बाळ तापत राहते. त्याहून वाईट म्हणजे मे महिन्यातली लोकरीची टोपी. प्रसूतीनंतर सुट्टी झाली, की "वारा लागेल" म्हणून बाळाला टोपी, मोजे, दुपटे, वर शाल असे गुंडाळून ऑटोत बसवतात. आजीबाईंचा आम्ही आदर करतो, पण ४२ अंशांत बाळाला वारा लागत नाही, ऊन लागते. एक सैल सुती झबले पुरे. खिशात कांदा ठेवल्यानेही ऊन थांबत नाही. तो कांदा जेवणात खा.

विदर्भ, मराठवाड्याच्या कोरड्या उन्हात उघड्या खिडकीतून येणारा वारा भट्टीचा असतो. त्याने मूल गार होत नाही, सुकते. तेव्हा मुलाचे हातपाय, मान, डोके ओल्या कापडाने पुसत राहा, मग तोच वारा गारवा देतो. मुंबई-कोकणात दमटपणामुळे अंगावरचे पाणी लवकर सुकत नाही, तिथे पुसण्याबरोबर पंख्याने वारा घाला. मांडीवर घेतलेल्या बाळाला आपल्या अंगाची ऊबही लागते, मध्ये सुती कापड ठेवा आणि त्याची कूस बदलत राहा.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचे पाणी देऊ नका. दूध जास्त वेळा पाजा, गाडी थांबवून पाजा, लाजू नका. मोठ्या मुलांना दर अर्ध्या तासाला दोन-चार घोट पाणी, ताक, कैरीचे पन्हे. ओआरएसची पुडी जवळ असावी. नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. रंगीत थंड पेय हे पाणी नव्हे.

सहा तास लघवी नाही, तोंड कोरडे, टाळू खोल गेलेली, मूल मलूल, तर प्रवास थांबवा. अंग भट्टीसारखे तापलेले, मूल हाकेला ओ देत नाही, झटके येतात, तर तो उष्माघात समजा. लगेच सावलीत न्या, कपडे काढा, अंगावर पाणी ओता आणि वारा घाला. बर्फ मिळाला तर कापडात गुंडाळून काखेत, जांघेत, मानेला. १०८ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत, गाडीतही, पाणी ओतणे थांबवू नका. बेशुद्ध मुलाच्या तोंडात पाणी घालू नका. तापाचे औषध पाजू नका, हा ताप त्या औषधाने उतरत नाही आणि वेळ मात्र जातो.

उन्हाळ्यात मूल दिसेनासे झाले तर विहीर, नाला, मैदान यांच्याबरोबर आसपासच्या उभ्या गाड्या ताबडतोब बघा, डिकीसकट. आत मूल दिसले आणि दार लागलेले असेल तर काच फोडा. मुलापासून लांबची काच फोडा. मालक नंतर भांडेल तेव्हा वस्तीने उभे राहायचे. मुलांनाही शिकवून ठेवा, अडकलात तर पुढच्या सीटवर जायचे, ड्रायव्हरच्या बाजूचे दार उघडून बघायचे, हॉर्न दाबायचा, नाही वाजला तर चप्पल काचेवर आपटत राहायचे.

पण मुलांना शिकवून मालक सुटत नाही. ज्यांच्या घरात गाडी आहे, आता आपल्यातही अनेकांकडे आहे, त्यांनी दाराला कुलूप लावल्याशिवाय पाय हलवू नये आणि चावी मुलांच्या हाताला लागू देऊ नये. गॅरेजवाल्यांनी भंगार गाड्या गल्लीत ठेवू नयेत. आणि बेवारस गाडी उचलणे ही कोणाची मेहेरबानी नाही. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम १२७प्रमाणे सार्वजनिक जागी दहा तासांहून जास्त काळ सोडून दिलेले वाहन हटवायला लावण्याचा अधिकार गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्याला आहे. मोठ्या सोसायटीच्या फाटकासमोरची गाडी संध्याकाळपर्यंत उचलली जाते. आपल्या गल्लीतली चार पावसाळे बघते. हा फरक उन्हाचा नाही.

या महिन्यातच महिला मंडळाने एक फेरी काढावी. प्रत्येक पडीक गाडीचा नंबर, जागा, किती दिवसांपासून आहे आणि दारे उघडतात का, हे वहीत लिहावे, मोबाईलवर फोटो घ्यावा. दार उघडत असेल तर त्याच दिवशी दोरीने किंवा तारेने बांधून टाकावे. मग दोन अर्ज, एक पोलीस ठाण्याला आणि एक महापालिकेच्या किंवा नगरपरिषदेच्या कार्यालयाला. दोन्हींवर शिक्क्यासह पोच घ्यावी. पोच देत नसतील तर अर्ज स्पीड पोस्टाने पाठवावा. पोचेची झेरॉक्स विहाराच्या फलकावर लावावी आणि गाडी उचलली जाईपर्यंत ती काढू नये.